आठ सेकंदांची स्तुती

बिशपनी वेदीवरून सांगितलं की आपले जुने पाद्री लोनप्पनच्चन आज पहाटे गेले, आणि आम्ही सातशे माणसं एका तालात म्हणालो, "प्रभू, तुझी स्तुती असो." मीसुद्धा म्हणालो. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना गाढव म्हणणार आहे. सगळ्यात पहिले म्हणाले ते माझे अप्पा. त्यांचं कामच ते. आमच्या चर्चचे ते कप्यार, म्हणजे घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि वेदीवरून पाद्री जे म्हणेल त्याचं उत्तर लोकांच्या वतीनं आधी द्यायचं, मग लोक मागून म्हणतात. एकतीस वर्षं ते वेदीच्या कठड्याला लागून उभे राहून उत्तर देतायत. त्या दिवशी नव्या चर्चला एक वर्ष झालं म्हणून बिशप आलेले, त्यांच्याबरोबर झगे घातलेली दहा-बारा शिकाऊ पोरं, आणि चर्चचा विश्वस्त आहे त्या पैलीनं अप्पांना सांगितलं, "वरीदचेट्टा, आज जरा मागे जा, फोटोत गर्दी दिसते." मागे म्हणजे पार मागे, गाणाऱ्यांच्या सज्जाखाली, हातात एक माइक देऊन. बिशप बोलले. अप्पांना ऐकू आला तो एक घरंगळत जाणारा हुंकार, शेवटी खाली उतरलेला, जसा प्रार्थनेचा सूर उतरतो तसा. उतरलेल्या सुराला उत्तर द्यायचं असतं. त्यांनी दिलं. आम्ही दिलं. बिशप तोंड उघडं ठेवून उभे. मग पुढच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू घुमटात चढलं, तिथून भिंतीवर आपटलं, फरशीवर पडलं, परत उठलं. मी मोजलं. सवय आहे. आठ सेकंद ते हसू जिवंत होतं. लोनप्पनच्चनांनीच अप्पांना कप्यार केलं होतं. ते गेल्याचं अप्पांना बाहेर पायऱ्यांवर कळलं, कुणीतरी पाठीवर थाप मारून सांगितलं, "काय वरीदचेट्टा, म्हातारा गेल्याचा एवढा आनंद?"

मी एर्नाकुळमला एका डबिंग स्टुडिओत कामाला आहे. शिकलो कुठेच नाही, आयटीआय अर्धी सोडली, बाकी सगळं व्हिडिओ बघून आणि शिव्या खाऊन. आमची रेकॉर्डिंगची खोली मोरीएवढी, भिंतींना स्पंज, खाली गालिचा, दाराला जाड पडदा. तिथे नट-नट्यांचे आवाज नागडे होतात. मोठमोठे हिरो आत येऊन "आई" म्हणतात आणि ते "आई" ओठांपुढे वीतभर जाऊन मरतं, मग ते घाबरून कॉफी मागतात. मला ती खोली आवडते. तिथे कुणाला मोठं होता येत नाही. खोली लहान, आणि सगळं आवाज पिणारं. आवाज पाण्यासारखा असतो, कुणीतरी प्यायला पाहिजे. कापड पितं, लाकूड थोडं पितं, काथ्या पितो, माणसं भरपूर पितात, उघडं दार तर सगळंच गिळतं, परत काही देत नाही. फरशी पीत नाही. काच पीत नाही. घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट थेंब पीत नाही. आणि खोली जितकी मोठी तितका आवाजाला भिंत गाठायला वेळ लागतो, म्हणजे प्यायची पाळी उशिरा येते. एवढंच आहे. हे समजायला इंजिनिअर लागत नाही, आमच्या पुत्तनकडवच्या चर्चचं मात्र इंजिनिअरनंच वाटोळं केलं. जुनं चर्च बुटकं होतं, वर फणसाच्या लाकडाचं छत, खाली काथ्याच्या चटया, दोन्ही बाजूंना अकरा दारं, सगळी उघडी, बायका पांढऱ्या सुती कपड्यांच्या घड्या घालून दाटीनं बसलेल्या. लहानपणी मी त्या चटईवर आडवा पडायचो, गालावर काथ्याची नक्षी उठायची, आणि लोनप्पनच्चनांचा खोकलासुद्धा कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते कळायचं. शब्द तोंडातून निघायचा, आपल्यापाशी यायचा, बसायचा. मग पुढचा यायचा. आता त्या पैलीचं टाइल्सचं दुकान. चर्चच्या आत दोन पुरुष उंचीपर्यंत टाइल्स आहेत यात नवल काय. त्यावर काच, काचेवर घुमट, घुमटात आकाश रंगवलंय, आकाशात देवदूत, सगळ्यांचे चेहरे पेंटरच्या मेहुण्यासारखे. एसी लावायचा म्हणून दारं बंद. चटया धूळ धरतात म्हणून फेकल्या. आणि हे जुन्याच्या दहापट मोठं चर्च बांधेपर्यंत अर्धी तरुण पोरं आयर्लंड नि कॅनडाला निघून गेली, म्हणजे आवाज प्यायला माणसंसुद्धा उरली नाहीत. उद्घाटनाला पैलीचा दुबईवाला भाऊ टाळी वाजवून म्हणाला, "ऐका, ऐका, कसं घुमतंय, अगदी रोम." तो रोमला विमान बदलायला उतरला होता. तेव्हापासून सगळे म्हणतात, रोम. वर आणखी, प्रवचन नीट कळत नाही अशी एका मास्तरांनी कुरकुर केली तर कमिटीनं सोळा स्पीकर लावले. चिखलात पाय रुतला म्हणून वरून बालदीभर पाणी ओतावं तसं.

सोमवारी पैली घरी आला. मी रजा टाकून थांबलो होतो. आईनं त्याच्यापुढे कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासळीची आमटी ठेवली, तो नको नको म्हणत दोनदा वाढून घेऊन जेवला, आणि मग तोंड पुसून म्हणाला, "वरीदचेट्टा, आता वय झालं. कान आहेत, डोळे आहेत, देव एकेक परत मागतो. येत्या रविवारी सभा आहे. तुम्ही मानानं चाव्या द्या, आम्ही शाल देतो."

"त्याचे कान ठणठणीत आहेत," आई म्हणाली. "मी स्वयंपाकघरात पुटपुटते ते त्याला ओसरीवर ऐकू येतं. त्यावरून भांडणं होतात आमची."

"रोसाचेच्ची, सातशे माणसांनी ऐकलं काय झालं ते."

"ऐकलं असतं तर सातशे माणसं स्तुती कशाला करत बसली असती?"

पैली हसला. त्याला बायकांच्या बोलण्यावर हसायची सवय आहे. मला म्हणाला, "मोने, बाळा, तू आवाजाच्या धंद्यातला. अप्पांना समजव. एर्नाकुळमला कानाचं मशीन चांगलं मिळत असेल, चर्च देईल घेऊन." मी म्हणालो, कान चांगले आहेत, चर्च बहिरं आहे. तो म्हणाला, "एडा, चर्चला कान असतात का?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन गेला. अप्पा सगळा वेळ रबराचे शीट वाळत टाकल्यासारखे खांदे पाडून बसले होते. कप्यारपण गेलं तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही. पैशांचं म्हणत नाही मी, ते तसेही चिल्लर देतात. पहाटे पाचला उठायचं कारण म्हणतो. त्या माणसाला मी पायजम्यात बसलेलं कधी बघितलेलं नाही.

मी त्यांची परीक्षा घेतली. तोंडापुढे टॉवेल धरून, ओठ दिसू नयेत म्हणून, पन्नास शब्द वाचले, कशाचा कशाशी संबंध नसलेले. सुई. नांगर. मीठ. शिडी. अप्पा लिहीत गेले, शाळेतल्यासारखं जीभ बाहेर काढून. अठ्ठेचाळीस बरोबर. चुकलेले दोन मीच अडखळत वाचले होते. मग मंगळवारी दुपारी चर्च रिकामं असताना फुगे घेऊन गेलो. फुगा फोडायचा आणि फोनवर आवाज विझताना मोजायचा, गरिबाचं यंत्र. अकरा सेकंद. माणसं भरली की आठ. प्रवचन कळायला दीड-दोनच्या वर नको. कागदावर नकाशा काढला आणि पावलापावलावर उभा राहून ऐकलं. जवळ उभं राहिलं की तोंड ऐकू येतं, लांब गेलं की खोली ऐकू येते. कठड्यापाशी सगळं स्वच्छ, तिथे मी बरोबरची खूण केली. पाचव्या बाकापासून मागे चिखल. चौथा फुगा फुटला तसे इग्नेशसच्चन वेदीमागच्या सॅक्रिस्टीच्या खोलीतून चप्पल न घालता धावत आले. आमचे विकारी, म्हणजे चर्चचे मुख्य पाद्री; पाद्रीला आम्ही अच्चन म्हणतो. भला माणूस आहे, भला म्हणजे ज्याला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही असा.

"मला वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला," ते म्हणाले. मी आकडे दाखवले. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "जिन्टो, सगळ्यांना तर ऐकू येतं. मी विचारतो ना. कुणाचीच तक्रार नाही."

"तुम्ही काय म्हणता ते त्यांना पाठ आहे, अच्चा."

"मग उत्तमच की. पाठ असायलाच हवं."

मी बुधवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर दारात उभा राहिलो आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारलं, ऐकू आलं का. आलं की, छान आलं, स्पष्ट. प्रवचन कशावर होतं? प्रेमावर. सगळ्यांनी प्रेमावर सांगितलं. बुधवारचं प्रवचन सेप्टिक टँकच्या वर्गणीवर होतं, मी कठड्यापाशी बसून लिहून घेतलं होतं. एक बाई म्हणाली, "डोळ्यांत पाणी आलं हो." त्या दारात उभं राहून मला माझ्या माणसांचा जो काही तिटकारा आला तो सांगता येत नाही. नुसती मूर्ख असती तरी चाललं असतं. यांना ऐकायचंच नव्हतं. लहानपणापासून ओठांना ठाऊक आहे कुठल्या खाचेत कुठलं उत्तर पडतं, तेवढी खाच आली की उत्तर पडतं, मधे कान नावाची वस्तू लागतच नाही. अशा माणसांना अकरा सेकंदांचं चर्च काय, विहिरीत नेऊन उभं केलं तरी चालेल. आणि सबंध गावात शब्द यायची वाट बघून मग उत्तर देणारा एकच माणूस होता, म्हणून चूक त्याची पकडली गेली. बाकीचे चुकूच शकत नव्हते. रात्रंदिवस मी हेच चघळत होतो, आणि चघळता चघळता ते गोडही लागत होतं, हेही सांगतो. आपल्या बापाची बाजू खरी असणं हे एक सुख, आणि बाकी सगळे गाढव असणं हे त्याहून मोठं.

रविवारची सभा चर्चमध्येच असते, प्रार्थनेनंतर लगेच, आणि सभेच्या आधीची लहान प्रार्थना तरुण संघातल्या कुणीतरी म्हणायची अशी आमच्याकडे पद्धत आहे. तरुण संघात आता आम्ही चौघं उरलोय. मी अच्चनना म्हणालो, या वेळी मी म्हणतो. ते इतके खूश झाले की मलाच कसंतरी वाटलं. म्हणाले, "फुगे नकोत हं." मी वेदीवर गेलो. माइकच्या दांडीला फोन रबरबँडनं बांधला, रेकॉर्डिंग सुरू केलं. समोर तीनशे माणसं. पैली पहिल्या बाकावर, मांडीवर शालीची पिशवी. मी डोळे मिटले आणि नेहमीच्या चालीत दोन ओळी नेहमीच्या म्हटल्या, आणि मग त्याच चालीत, तेच हेल काढून म्हणालो, "हे प्रभो, ही समोर बसलेली माणसं गाढवं आहेत. यांना कानांचं काही काम नाही. तू यांचे कान परत घे, आणि हा घुमट यांच्या डोक्यावर कायमचा राहू दे." आणि सूर खाली उतरवला, आता आणि सदासर्वकाळ. चर्च भरून आलं. आमेन. सोळा स्पीकर, तीनशे तोंडं, घुमट, फरशी, देवदूत, सगळे आमेन. मला पोटातून हसू फुटत होतं. डोळे उघडले. अप्पा कठड्यापाशी उभे होते. त्यांच्या जागेवर. मी धरून चाललो होतो की ते मागे कुठेतरी बसतील, ज्याच्यावर सभा आहे तो माणूस मागे बसतो. पण प्रार्थना म्हटल्यावर ते आपल्या जागेवर आले होते, माझ्यापासून दोन हातांवर, हात जोडून, आणि त्यांची नजर माझ्यावर होती.

सभा सुरू झाली. मी पैलीला बोलूच दिलं नाही. उभा राहून विचारलं, "आत्ता मी काय मागितलं ते कुणी सांगेल का?" पहिल्या बाकाजवळ जाऊन एकेकाला विचारलं, म्हणजे त्यांना कळेल तरी. एक म्हणाला शांती. एक म्हणाला लोनप्पनच्चनांच्या आत्म्यासाठी. पैली म्हणाला, "आजारी लोकांसाठी, मोने. आवाज काय लागलाय तुझा. बापावर गेलास." मी फोन सोडवून हातात घेतला. आत वाजवून उपयोग नव्हता, आत ते परत चिखलच झालं असतं, म्हणून सगळ्यांना बाहेर पोर्चमध्ये चला म्हणणार होतो. वाक्य तयार होतं, आठवडाभर तयार होतं. पण अप्पा कठड्यापासून निघाले होते. चालत आले, अच्चनच्या टेबलासमोर थांबले, कमरेची चाव्यांची जुडी सोडली, ती सुटेना, दोन्ही हातांनी सोडवली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "अच्चा, माझे कान गेले."

जवळच्या दोन-तीन बाकांना ऐकू आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मागच्यांनी वाजवल्या. पैलीनं शाल काढली. शालीची घडी उलगडताना आतली किमतीची चिठ्ठी खाली पडली आणि अच्चननी ती पायाखाली घेतली. मी फोन हातात धरून उभा. मला अप्पांची किळस आली. बरोबर लिहिलंय, किळस. मी एकट्यानं सगळं खणून काढायचं आणि या माणसानं वर येऊन माती लोटायची. शाल पांघरून हसत उभा राहायचं.

ते काही हसत नव्हते म्हणा. घरी जाताना कॅनॉलच्या कडेनं आम्ही चालत होतो, आई पुढे, शालीची पिशवी तिच्याकडे, तिनं शाल रस्त्यातच काढून घेतली होती. म्हणाली होती, "उन्हात शाल घालून फिरू नको, लोक म्हणतील डोकंही गेलं." मी अप्पांना म्हणालो, "कान गेले म्हणून खोटं का सांगितलंत?"

"तू मागितलेस ना," ते म्हणाले. "वेदीवरून."

कॅनॉलमध्ये जलपर्णी माजलेली, तिच्यात कुणाचं तरी बदक अडकून ओरडत होतं.

"तुम्हाला सगळं ऐकू आलं?"

"दोन हातांवर उभा होतो. त्या घुमटाच्या ओळीपर्यंत सगळं."

"मग आमेन का म्हणालात, अप्पा? तुम्ही गप्प राहिला असता तर..."

"वेदीवरून कुणी मागितलं की मी आमेन म्हणतो. काय मागावं ते मागणाऱ्यानं बघायचं." थोडं चालून म्हणाले, "आणि ते बाकीचे माझ्या मागून म्हणाले. नेहमी म्हणतात तसे. त्यांना कशाला गाढव म्हणायचं."

एवढंच. रागावून बोलले असते तर मी भांडलो असतो, माझ्याकडे भरपूर होतं भांडायला, आकडे होते. ते रागावलेले नव्हते, दमले होते. घरी येऊन त्यांनी कपडे बदलले, आणि दुपारी एक वाजता मी त्यांना पायजम्यात बसलेलं बघितलं.

तीनच्या बसनं मी परत निघालो. खिडकीत बसून हेडफोन लावले आणि ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं. फोन माझ्या तोंडापाशी होता, त्यामुळे माझं वाक्य स्टुडिओत म्हटल्यासारखं कोरडं, स्पष्ट. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज हलकट होता. मग सूर उतरला, आणि लगेच, एकटं, जवळून, अप्पांचं आमेन. कोरडं. घुमटाला पोचायच्या आधीचं. श्वास घेतलेला ऐकू येतो, जीभ टाळूला लागलेली ऐकू येते. शब्द पुरा ऐकून, क्षणभर थांबून म्हटलेलं. त्याच्या मागून, चांगल्या अर्ध्या सेकंदानं, तीनशे जणांचं आमेन येतं आणि सगळं बुडवून टाकतं. मी परत मागे घेऊन ऐकलं. पाच-सहा वेळा ऐकलं. कोण काय ऐकून आमेन म्हणालं हे आता या रेकॉर्डिंगवरून ठरत नव्हतं. ते वाक्याला म्हणाले नव्हते, अप्पांना म्हणाले होते. माझा प्रयोग मीच खूण केलेल्या जागी उभ्या असलेल्या एका माणसानं मोडला होता. त्यातून एकच गोष्ट ठरत होती. कप्यार वरीदचे कान शाबूत आहेत, आणि आपल्या पोरानं आपल्याच गावाला दिलेला शाप त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकून घेतला आणि सगळ्यांच्या आधी त्याला होकार दिला. बापाचे कान वाचवायला यापेक्षा स्वच्छ पुरावा मला कुठे मिळणार होता. आणि तो ऐकेल तो माणूस आधी अप्पांकडे बघणार होता, त्यांनी आमेन का म्हटलं म्हणून.

आलुवाच्या आसपास पैलीचा मेसेज आला. मोने, आजची प्रार्थना फार सुंदर, सगळे म्हणत होते. तुझ्या फोनवर रेकॉर्डिंग करताना बघितलं. ग्रुपवर टाक, दुबईला भावाला पाठवतो. बोट पाठवायच्या खुणेवर होतं, खोटं कशाला बोलू. रोमवाल्याला ऐकू दे एकदा, असं मनात येऊन गेलं. बस सिग्नलला थांबली, सुटली. मग मी लिहिलं, नीट आलं नाही पैलीचेट्टा, खूप घुमतंय, शब्द कळत नाहीत. त्यानं लगेच उत्तर दिलं. असू दे मोने, कळायचं काय त्यात.